ऑनलाइन धंदा सुरू करताय? आधी ऑर्डरी येऊ देत, टूल्स नंतर घ्या

धंद्याचा जम बसायच्या आधीच माझे 31 हजार 316 रुपये गेले होते. आकडा इतका नेमका सांगतेय कारण वहीत लिहून ठेवलाय. 2022 च्या दिवाळीनंतर मी आणि सासूबाईंनी ठरवलं की घरची कुळथाची पिठी, कोकम आगळ, मालवणी मसाला, आंबापोळी हे जे आम्ही दरवर्षी नात्यातल्या चाकरमान्यांना पिशव्या भरभरून देतो ते आता ऑनलाइन विकायचं, आणि ठरवल्या ठरवल्या मी काय केलं तर मोबाइल घेऊन "ऑनलाइन बिझनेससाठी काय काय लागतं" असले व्हिडिओ बघायला बसले. त्यातून यादी झाली आणि यादीप्रमाणे खरेदी झाली. वेबसाइटचा वर्षाचा प्लॅन जीएसटी धरून 11,800, लोगो नि व्हिजिटिंग कार्ड 4,500, लेबल प्रिंटर 7,200, गिऱ्हाइकांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर महिन्याला 1,179 असं चार महिने म्हणजे 4,716, आणि फोटोंसाठी रिंगलाइट नि लाइटबॉक्स 3,100.

पहिली ऑर्डर आली ती डोंबिवलीच्या एका ताईंची, 430 रुपयांची. त्यांना माझा नंबर आमच्या शेजारच्या वयनींनी दिला होता. त्यांनी व्हॉट्सॲपवर मेसेज केला, यूपीआयने पैसे पाठवले, मी खोक्यावर पेनाने पत्ता लिहिला आणि कुडाळच्या पोस्टात जाऊन दिला. वर लिहिलेल्या पाच गोष्टींपैकी एकही गोष्ट त्या ऑर्डरला लागली नाही. लेबल प्रिंटर आणला त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, "गो, ह्या मशीन कित्याक? वही असा मां." तेव्हा मला ते पटलं नव्हतं.

आता आमच्या आजूबाजूला वेंगुर्ला, सावंतवाडी, देवगड, राजापूर सगळीकडे पोरं-पोरी, बायका असा धंदा सुरू करतायत आणि बरेच जण मला फोन करून पहिला प्रश्न हाच विचारतात की कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, वेबसाइट कुठे बनवू. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

पहिल्या 30 ऑर्डरी हाताने करा

हाताने म्हणजे अगदी वहीत. नाव, पत्ता, पिनकोड, काय मागवलं, पैसे आले का, कधी पाठवलं, पोचलं का. आणि त्याच पानावर उजवीकडे एक रकाना ठेवा, "काय अडलं". हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या त्या रकान्यात पहिल्या महिन्यात काय होतं सांगू का, "पिनकोड चुकीचा दिला", "आगळाची बाटली गळली", "रेंज नव्हती म्हणून पेमेंट आलंय का कळलं नाही", "तोच भाव सात जणांना परत परत टाइप केला", "मसाल्याची पिशवी नीट सील झाली नाही". यातलं एकही अडलेलं काम 1,179 रुपयांच्या सॉफ्टवेअरने सुटणार नव्हतं. बाटलीला चांगलं बूच, एक सीलिंग मशीन, आणि व्हॉट्सॲपमधली एक फुकटची सोय एवढ्यात सगळं सुटलं.

टूल घ्यायचं की नाही हे ठरवायचा माझा हिशेब एकदम साधा आहे. एका ऑर्डरमागे माल, पॅकिंग, कुरिअर सगळं जाऊन हातात खरोखर किती राहतात ते आधी काढा. माझी साधारण ऑर्डर 600 ची, त्यात तेव्हा 90 रुपये राहायचे. मग महिन्याला 1,179 चं टूल म्हणजे 14 ऑर्डरी फक्त त्या टूलसाठी. पावसाळ्यात माझ्या महिन्याला मोजून 14-15 ऑर्डरी व्हायच्या, म्हणजे आम्ही दोघी जणी महिनाभर चुलीपुढे राबलो ते त्या सॉफ्टवेअर कंपनीसाठी. हा हिशेब मी सॉफ्टवेअर घेतल्यापासून चौथ्या महिन्यात केला आणि त्याच दिवशी ते बंद केलं.

आणि आपल्या कोकणात तर हे जास्तच बघायला पाहिजे कारण आपला धंदा सीझनचा. आंब्याचे मार्च ते मे, मे महिन्यात आगोटीची म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची खरेदी, मग पाऊस लागला की शुकशुकाट, गणपतीला परत थोडी हालचाल, दिवाळी, आणि मग थेट शिमगा. सबस्क्रिप्शन मात्र बाराही महिने कापलं जातं. व्हिडिओत सांगणारी माणसं मोठ्या शहरातली असतात, त्यांचा माल वर्षभर सारखा जातो, त्यांचं गणित आपल्याला लागू होत नाही.

काय पुरतं

व्हॉट्सॲप बिझनेसचं ॲप. फुकट आहे, आणि त्यात जे आहे ते बहुतेक जण वापरतच नाहीत. कॅटलॉगमध्ये फोटो, वजन, भाव टाकून ठेवा, कोणी विचारलं की कॅटलॉगची लिंक पाठवायची. क्विक रिप्लाय म्हणून सोय आहे, एकदा मेसेज लिहून ठेवला की चॅटमध्ये तिरकी रेघ टाइप केली की तो आख्खा मेसेज येतो, मी भावाची यादी, पत्ता कसा पाठवायचा त्याचा नमुना, आणि पार्सल पाठवल्याचा मेसेज असे तीन करून ठेवलेत, दिवसाचा अर्धा तास वाचतो. लेबल लावता येतात, "नवीन ऑर्डर", "पैसे बाकी", "पाठवलं", रंगीत दिसतात, म्हणजे मी जे पैसे देऊन सॉफ्टवेअर घेतलं होतं त्याचं तीन चतुर्थांश काम हेच करतं.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. ब्रॉडकास्ट लिस्टवरून, म्हणजे एकाच वेळी सगळ्या गिऱ्हाइकांना, मेसेज टाकला तर तो फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो. म्हणून पार्सलमध्ये एक चिठ्ठी टाका, "नंबर सेव्ह करा, पुढच्या वेळी ताजी आंबापोळी झाली की कळवू". आणि कोणी फोन करून सांगितलं की तुम्हाला एपीआय घ्यावा लागेल, नावापुढे व्हेरिफाइडची टिक मिळवून देतो, बल्क मेसेज पाठवून देतो, तर सरळ नाही म्हणा. एपीआय ही व्हॉट्सॲपचीच पण वेगळी आणि पैसे मोजायची सोय आहे, दिवसाला शेकडो मेसेज सांभाळणाऱ्या धंद्यासाठी. 40-50 गिऱ्हाइकांना ती लागत नाही.

पैशांसाठी यूपीआय. बँक खात्यातून थेट आलेल्या यूपीआय पेमेंटवर 2020 पासून दुकानदाराला कमिशन नाही. पेमेंट गेटवे, म्हणजे कार्डाने वगैरे आलेले पैसे आपल्यापर्यंत पोचवणारी सेवा, साधारण 2 टक्के घेतो आणि त्या 2 टक्क्यांवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 600 च्या ऑर्डरला 14 रुपये 16 पैसे. ऐकायला कमी वाटतं पण माझ्या 90 मधले 14 म्हणजे सहाव्या हिश्श्याच्या जवळपास. गेटवे तेव्हा घ्या जेव्हा गिऱ्हाईक स्वतःहून क्रेडिट कार्डाने द्यायचं म्हणतंय आणि तसं म्हणणारी बरीच आहेत. आवाज करणारा स्पीकर तर ऑनलाइन धंद्याला लागतच नाही, त्याचं महिन्याचं भाडं असतं, तो गजबजलेल्या दुकानासाठी. पण पेमेंटचा स्क्रीनशॉट आला म्हणून माल पाठवायचा नाही, स्वतःच्या ॲपमध्ये किंवा बँक खात्यात पैसे दिसले की मगच. आणि पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, फोन कोणीही उचलतं.

नोंदीसाठी गूगल शीट. फुकट. मोबाइलवर ती फाइल ऑफलाइन उपलब्ध अशी करून ठेवायची, मग रेंज नसली तरी लिहिता येतं आणि रेंज आली की आपोआप चढतं. पण वही सोडू नका. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस लाइट नव्हती, टॉवर बंद, फोन म्हणजे नुसती पेटी झाली होती. तेव्हा माझा धंदा नव्हता पण तो अनुभव लक्षात आहे, म्हणून आजही पत्ते आणि बाकी पैसे वहीत आहेतच.

फोटोंसाठी रिंगलाइट घेऊ नका हो. आपल्या घरांना पडव्या आहेत, सकाळी 8 ते 10 च्या दरम्यान पडवीत जो मऊ उजेड येतो ना तसा उजेड त्या लाइटबॉक्समध्ये मला कधीच मिळाला नाही. खाली पांढरं सुती कापड, मागे जांभ्याची भिंत, मोबाइलची लेन्स पदराने पुसून घ्यायची, फ्लॅश बंद. आगळाच्या बाटलीच्या मागून उजेड आला की तो लालजांभळा रंग असा दिसतो की मुंबईच्या बायका फोटो बघूनच ऑर्डर देतात. लेबल आणि पोस्टर कॅनव्हा नावाच्या डिझाइनच्या ॲपच्या फुकट प्लॅनमध्ये होतात. त्यातली मागचं चित्र काढून टाकायची सोय पैसे भरल्याशिवाय मिळत नाही पण पांढऱ्या कापडावर फोटो काढला असेल तर ती लागतच नाही.

वेबसाइटचं काय

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात म्हणून जरा सविस्तर सांगते. वेबसाइट वाईट नाही. पण वेबसाइट म्हणजे बाजारपेठेपासून लांब, आडवाटेला बांधलेलं दुकान, तिथे माणूस आपोआप येत नाही, त्याला आणावं लागतं. माझ्या साइटवर वर्षभरात जी माणसं आली ती सगळी मीच व्हॉट्सॲपवर लिंक पाठवून आणलेली होती, आणि ती साइट बघून परत व्हॉट्सॲपवर येऊन "ताई, आहे का शिल्लक" असंच विचारायची. मग मधे साइट कशाला?

माझ्या मते ओळखीच्या बाहेरची, कोणाच्या सांगण्याशिवाय आलेली गिऱ्हाइकं महिन्याला 20-25 होईपर्यंत साइटचा विचार करू नये. नाव मात्र आवडलं असेल तर डोमेन, म्हणजे साइटच्या पत्त्याचं नाव, घेऊन ठेवायला हरकत नाही, पण पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षी रिन्यूअल कितीला आहे ते त्याच पानावर बारीक अक्षरात असतं, ते वाचा. आणि डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावावर घ्या. मी साइट ज्याच्याकडून करून घेतली त्याने डोमेन स्वतःच्या खात्यात घेतलं होतं, पुढच्या वर्षी त्याने दुप्पट पैसे सांगितले आणि मी नाही म्हटल्यावर ते नाव गेलंच. त्या नावाची लेबलं छापून झाली होती, 600 लेबलं. ती रद्दी बघताना फार वाईट वाटलं होतं.

लोक तुमच्या घरी किंवा दुकानात येऊन माल घेत असतील तर गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल जरूर करा, फुकट आहे, नकाशावर दिसता, गणपतीत, मे महिन्यात आलेले लोक शोधत येतात. ते करून देतो म्हणून 2-3 हजार मागणारे फिरतात, त्यांची काही गरज नाही, आपलं आपल्याला होतं.

होमस्टेवाल्यांचंही तसंच आहे. तारकर्लीला माझ्या मैत्रिणीच्या नणंदेच्या तीन खोल्या आहेत, तिने बुकिंग सांभाळायचं सॉफ्टवेअर वर्षाच्या प्लॅनने घेतलं. तीन खोल्या! बुकिंगच्या मोठ्या साइट्सवर एकमेकींचं कॅलेंडर लिंकने जोडायची सोय मुळातच असते, आणि फोनवरून आलेलं बुकिंग स्वतः त्यात ब्लॉक करायचं, बस. ती आता गूगल कॅलेंडर वापरते, नवऱ्याच्या आणि तिच्या दोघांच्या फोनवर तेच दिसतं, पूर्वी दोघांनी एकच खोली दोघांना दिली असं व्हायचं ते थांबलं.

फुकट ट्रायल आणि आपोआप कापले जाणारे पैसे

"14 दिवस फुकट" असं लिहिलेलं असतं आणि पुढच्याच पानावर कार्ड नंबर किंवा यूपीआय ऑटोपे मागतात. तिथे थांबा. ट्रायल घ्यायचीच असेल तर ज्या दिवशी घेतली त्याच दिवशी फोनमध्ये ती संपायच्या दोन दिवस आधीचा अलार्म लावा. नियमाप्रमाणे पैसे कापायच्या 24 तास आधी मेसेज यायला पाहिजे, येतोही, पण आपल्याकडे पावसात दोन-दोन दिवस रेंज नसते आणि मेसेज कापून झाल्यावर दिसतो, माझं दोनदा झालंय. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असा भाग असतो, आत्ता हे वाचताय तर आत्ताच उघडून बघा काय काय चालू आहे, तिथूनच रद्द करता येतं, कंपनीला फोन करत बसावं लागत नाही.

भाव बघताना तीन गोष्टी बघा. त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा आहे का, म्हणजे 999 दिसतात ते खरे 1,179 असतात. भाव डॉलरमध्ये आहे का, असेल तर बँक परदेशी व्यवहाराचा आकार वेगळा लावते. आणि "महिन्याला फक्त 299" लिहिलंय ते वर्षाचे एकदम भरले तरच का. वर्षाचा प्लॅन स्वस्त पडतो हे खरं, पण तुम्ही ते टूल जर तीनच महिने वापरणार असाल तर तो महागच. मी आता काय करते, आंब्याच्या सीझनला काही लागलंच तर महिन्याच्या प्लॅनने मार्च ते मे घेते आणि मिरगाचा पाऊस लागला की बंद. बंद करायच्या आधी आपली गिऱ्हाइकांची यादी एक्सेलमध्ये उतरवून घ्यायची, आणि जे टूल यादी उतरवू देत नाही ते कितीही चांगलं असलं तरी घ्यायचंच नाही.

सरकारी कागदांवर एजंटला पैसे देऊ नका

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, पूर्ण फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं, घरी बसून अर्ध्या तासात होते. गूगलवर शोधलं की सरकारी वाटणाऱ्या खाजगी साइट्स वरती दिसतात आणि पैसे मागतात. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे का तेवढं बघा. खायच्या वस्तू असतील तर एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी लागतेच, ती फॉसकॉसच्या सरकारी साइटवर होते, मी केली तेव्हा छोट्या धंद्याच्या नोंदणीची फी वर्षाला 100 रुपये होती आणि त्याच कामाचे आमच्या इथे एकाने 2,500 सांगितले होते. जीएसटीचं मात्र नीट विचारून घ्या, कारण करपात्र माल महाराष्ट्राबाहेर विकायचा असेल तर उलाढाल कमी असली तरी नोंदणी लागते. एकदा सीएकडे जाऊन तासभर बसून त्याची फी द्या, हा खर्च वाया जात नाही. नोंदणीला सरकारी फी नाही पण मग दर वेळी रिटर्न भरायचं मागे लागतं. म्हणून मी पहिलं वर्ष मुंबई, पुणे, ठाणे, कोल्हापूर एवढंच ठेवलं होतं.

कोर्सचंही इथेच सांगते. "घरबसल्या लाखो कमवा" असले कोर्स विकत घेऊ नका. माल चांगला करायला शिकायचं असेल तर दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आहे, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र आहे, आपल्या तालुक्याजवळचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे फळप्रक्रियेची शिबिरं कधी आहेत ते विचारा. आरसेटीत, म्हणजे बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, तर राहण्याजेवणासकट फुकट प्रशिक्षण असतं.

मग पैसे कुठे घालायचे

इथे कंजुषी करायची नाही. मी लोगोला 4,500 दिले आणि आगळाच्या बाटल्या सगळ्यात स्वस्तातल्या आणल्या. जुलै महिन्यात 12 बाटल्यांची एक मोठी ऑर्डर गेली, पुण्याला पोचली तेव्हा खोक्याचा तळ जांभळा होऊन फाटला होता, बरोबरची पिठी भिजली, आणि शेजारच्या कोणाच्या तरी पार्सलला पण डाग लागले. कोकमाचा डाग, जाणार कसा. सगळे पैसे परत केले. तेव्हापासून बुचाखाली सील असलेली जाड बाटली, ती आधी रात्रभर उलटी ठेवून बघायची, मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद, मग खोक्यात. बाटलीमागे 7 रुपये जास्त जातात आणि एकही बाटली गळालेली नाही.

वजनकाटा चांगला घ्या आणि वैधमापनचा शिक्का असलेला घ्या, पिशवीवर 500 ग्रॅम लिहिलं तर आत 500 असायला पाहिजे. पिशव्या सील करायचं हाताचं मशीन घ्या, मसाल्याला आपल्या इथली पावसाळी हवा लागली की आठवड्यात गुठळ्या होतात. लाइट जाते म्हणून पॉवरबँक. आणि दुसऱ्या कंपनीचं एक स्वस्त सिम, कारण एकाची रेंज गेली की दुसऱ्याची असते बऱ्याचदा. हे सगळं मिळून माझ्या त्या 31 हजारांच्या अर्ध्यातच झालं असतं.

खोक्याच्या मापाकडे लक्ष द्या, यात पैसे कसे जातात ते लवकर कळत नाही. बहुतेक कुरिअरवाले खरं वजन आणि आकाराचं वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. आकाराचं वजन म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले 5000. माझं खोकं 30 बाय 25 बाय 20 होतं, म्हणजे 15000 भागिले 5000, 3 किलो. आत माल 1 किलो 400 ग्रॅम. मी कितीतरी महिने 3 किलोचे पैसे भरत होते! नंतर 22 बाय 18 बाय 15 चं खोकं घेतलं, ते येतं 1.19 किलो, मग खऱ्या वजनाचेच पैसे लागतात. वेगवेगळ्या मापाची तीन खोकी ठेवा. आणि रोजच्या पोस्टाचा, एसटीच्या पार्सलचा, रात्री मुंबईला जाणाऱ्या खाजगी बसचा असा भाव एकदा बसून वहीत लिहून काढा, आंब्याच्या पेटीला जे परवडतं ते अर्धा किलो पिठीला परवडत नाही. कॅश ऑन डिलिव्हरी सुरुवातीला ठेवूच नका, पार्सल परत आलं तर जातानाचं आणि येतानाचं दोन्ही भाडं आपल्या अंगावर पडतं.

टूल घ्यायची वेळ आली हे कसं ओळखायचं

त्या उजवीकडच्या रकान्यात एकच गोष्ट परत परत यायला लागली की. चार वेळा, पाच वेळा तेच. आणि ते काम हाताने करण्यात जो वेळ जातो त्या वेळात तुम्ही दुसरं काही पैशाचं काम करू शकला असतात, नुसता कंटाळा येतो म्हणून नाही. मग आधी फुकटात काही होतंय का बघायचं, मग कोणाकडे जुनं मिळतंय का, मग महिन्याच्या भाड्याने, आणि सगळ्यात शेवटी विकत. आपल्या भागातल्या दोन-तीन जणी मिळून एखादी वस्तू घ्या, आम्ही सीलिंगचं मोठं मशीन तिघींत घेतलंय, वार ठरवून घेतलेत, कधी भांडण नाही झालं.

लेबल प्रिंटरचंच सांगते. पहिल्या वेळी घेतलेला माळ्यावर पडून होता, 7,200 चा प्रिंटर मी दीड वर्षाने 3,000 ला विकला, तोवर साध्या कागदावर पत्ता छापून नाहीतर लिहून पारदर्शक टेप लावायचे, फक्त बारकोडवर टेपची सुरकुती पडू द्यायची नाही, नाहीतर स्कॅन होत नाही. पण गेल्या एप्रिलमध्ये दिवसाला 18-20 पार्सलं जायला लागली आणि रकान्यात सलग सहा दिवस "पत्ते लिहिण्यात दीड तास" असं आलं. सातव्या दिवशी मी सावंतवाडीच्या एका ओळखीतून वापरलेला प्रिंटर 3,500 ला आणला, घरी आणायच्या आधी त्यांच्याकडेच 10 लेबलं सलग छापून बघितली. सासूबाईंनीच त्याला माडीवर खिडकीपासून लांब जागा करून दिली, कारण त्या थर्मल कागदाला ऊन लागलं की अक्षरं उडतात, आणि त्याचे रोल आता पापडांच्या शेजारी, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात असतात.